सोमवारी अडणारी गाडी

गाडी थांबली की माणसे आधी इंजिन उचलतात. उलटे करतात, चाके बोटाने फिरवतात, हलवून कानाशी धरतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हौसेने फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या डिजिटल यंत्रणा दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्यात दोष इंजिनाचा निघाल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. दोष रुळात असतो, तारेत असतो, जोडात असतो. बऱ्याचदा तो माणसाच्या सवयीत असतो, आणि सवय मीटरवर दिसत नाही.

एवढ्यावर पोट भरते का, असे विचारणारे भेटतात. भरत नाही. पाण्याच्या मोटारींची स्टार्टर पॅनेल दुरुस्त करणे हा माझा मूळ व्यवसाय. छोट्या रेल्वेची गिऱ्हाइके दोन्ही तालुक्यांत मिळून पंधराच्या आत आहेत. पण आठ फुटी फळीवर चिकटवलेली रेल्वे एसटीत घालून पुण्याला नेता येत नाही, म्हणून ही मंडळी मला बोलावतात.

यंत्रणा समजायला अवघड नाही. जुन्या खेळण्यातल्या रेल्वेत रुळाला वीज दिली की गाडी पळायची, वाढवली की जोरात पळायची. एका रुळावर दोन गाड्या ठेवल्या तर दोन्ही पळायच्या. डिजिटल पद्धतीत रुळात वीज कायम पूर्ण असते आणि तिच्यातूनच सूचना जातात: तीन नंबर, पुढे चल, सात नंबर, थांब. सूचना सोडणारी पेटी टेबलावर असते. प्रत्येक इंजिनात नखाएवढी एक पट्टी असते, तिला डिकोडर म्हणतात. ती आपला नंबर ओळखते आणि बाकीच्या सूचना सोडून देते. सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर नाव पुकारले की एकच जण उठतो, तसे.

इंदापुरातल्या एका फळांच्या व्यापाऱ्याकडे मात्र दोघे उठत होते. गावात त्यांना हाजीसाहेब म्हणतात. नातवासाठी म्हणून आणलेली रेल्वे ते स्वतः चालवायचे. एक इंजिन चालवायला घेतले की शेडमध्ये उभे असलेले दुसरेही निघायचे.

"ओढ हाय त्यांच्यात," हाजीसाहेब मला म्हणाले. "माझ्या सख्ख्या भावांत एवढी न्हाय."

कारखान्यातून निघताना प्रत्येक डिकोडरचा नंबर तीन असतो. नवे इंजिन आणले की तो बदलावा लागतो. हाजीसाहेबांनी तो बदललाच नव्हता. दोन मिनिटांचे काम होते. काम झाल्यावर दुसरे इंजिन शेडमध्ये शांत उभे राहिले, तर त्यांचा चेहरा उतरला.

"आता ह्यो बी भावासारखाच झाला," म्हणाले आणि चहा मागवला.

माळेगाव बुद्रुकच्या तात्यांची गोष्ट इतकी हलकी नाही. तात्या ऊस करतात. घराच्या माडीवर त्यांनी रेल्वे मांडली आहे. रुळावर शॉर्ट झाला की पेटी स्वतःहून वीज तोडते. ते तिचे काम आहे. रुळांवर आडवे नाणे ठेवून मी हे दर ठिकाणी तपासतो: नाणे ठेवताच वीज गेली पाहिजे. तात्यांच्या माडीवर नाणे ठेवले तर ते तापून हाताला चटका बसला. पेटी उघडली. आतल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली होती.

"सारखी ट्रिप व्हायची, म्हणून घातली," तात्या म्हणाले. "मोटरीच्या किटकॅट फ्यूजला आमी हेच करतो. उसाला दारं धरल्यावर पाणी थांबून चालत न्हाय."

"तात्या, इथं पाणी नाही."

"ते खरं हाय. पण थांबलेलं बघवत न्हाय ना."

तीन डिकोडर जळाले होते. त्यातले एक इंजिन त्यांच्या लेकीने परदेशातून पाठवलेले होते. मी ते घरी नेले, पंधरा दिवस ठेवले आणि तसेच परत दिले. तात्या ते इंजिन हातात घेऊन खाली गेले.

हे दोन्ही सरळ दोष. ते समोर उभे असतात, पळून जात नाहीत. छळतो तो येऊन-जाऊन असणारा दोष. आपण बघायला गेलो की गाडी नीट चालते, दार ओढून घेतले की अडते. अशा दोषाच्या मागे असताना जेवणावर लक्ष लागत नाही. कोणी बोलत असले तरी कान पेटीतल्या रिलेच्या टकटकीकडे असतात. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक अशाच एका दोषापायी झाली. ती लिहायची असे ठरवूनच हा लेख हाती घेतला आहे.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे. नाव देत नाही. तिथे विजेची नियंत्रण पॅनेल तयार होतात. नव्या भरतीला वायरिंग शिकवायला आणि पाहुण्यांना दाखवायला त्यांच्या प्रशिक्षण हॉलमध्ये बावीस फुटांची रेल्वे मांडलेली आहे. ती एकटीने मांडली वैशाली गावडे हिने. कऱ्हाटीची, आयटीआय केलेली, इंदापुरात खोली घेऊन राहणारी. ती सहा महिन्यांच्या चाचणी मुदतीवर होती. मुदत नीट गेली तर नोकरी कायम, नाहीतर खोली सोडून कऱ्हाटीला परत. रेल्वे हेच तिचे मुदतीतले मुख्य काम होते.

दसऱ्यानंतरच्या एका सोमवारी पुण्याहून पाहुणे आले आणि त्यांच्यासमोर गाडी अडली. चालायची, थांबायची, दोन सेकंदांनी पुन्हा चालायची. दर वेळी वळशापाशी. त्याच दुपारी दुसरे पाहुणे येणार होते, म्हणून मला तातडीने बोलावले.

वळसा म्हणजे काय ते सांगायला हवे. फळीच्या टोकाला रूळ गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळतो. गाडी त्यात शिरते आणि आल्या वाटेने उलट तोंड करून परत निघते. दिसायला छान, पण विजेच्या दृष्टीने अडचणीचे. कारण डावा रूळ फिरून येतो आणि उजव्याला भिडतो. भिडला की शॉर्ट. म्हणून वळशाच्या दोन्ही तोंडांशी रूळ कापून मध्ये प्लास्टिकचे जोड घालतात, आणि वळशाला वेगळी वीज देतात.

मी गेलो तेव्हा फळीच्या चारही बाजूंनी मखमली झालर पिना मारून घट्ट बसवली होती. देखभाल विभागाचे प्रमुख कोकरेसाहेब शेजारी उभे होते.

"झालर काढू नका, शौकतभाई. दुपारी परत माणसं येणार आहेत. आणि फार खोलात जायची गरज नाही. तिनं जोड घातलेलेच नाहीत. नवीन आहे."

मी मीटर लावला. जोडाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रुळात वीज जायला नको होती. मीटर वाजला. रुळाला तपकिरी रंग दिलेला, कडेने बारीक खडी चिकटवलेली, त्यामुळे जोड वरून दिसत नव्हता. खडी खरवडून पाहायला पंधरा मिनिटे लागली असती.

वैशाली पलीकडच्या बाजूला उभी होती. "काका, जोड घातलेत मी. स्वतः घातलेत."

"मीटर वाजतोय."

"मग कशामुळं वाजतोय ते बघा की."

"तेच बघितलं," मी म्हणालो.

या व्यवसायात येण्यापूर्वी दोन वर्षे मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. तिथले उपसंपादक प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचे: पाहिलंय की ऐकलंय? ती सवय लागली. माझ्या अहवालात अजूनही दोन भाग असतात, पाहिलेले आणि ऐकलेले. त्या दिवशी पाहिलेले या भागात मी लिहिले: 'वळशाच्या तोंडाशी प्लास्टिकचे जोड बसवलेले नाहीत. काम वैशाली गावडे यांचे.' मी पाहिला होता फक्त वाजणारा मीटर. जोड नाहीत हे मी कोकरेसाहेबांकडून ऐकले होते. सही करून निघालो.

आठवड्याने कळले की तिची चाचणी मुदत थांबवून तिला पॅकिंगला टाकले आहे. कळवणारा सहज बोलून गेला. मी बरे म्हणालो. त्यानंतर "मग कशामुळं वाजतोय ते बघा की" हे वाक्य वेळीअवेळी आठवू लागले. पॅनेल उघडताना, गाडीला किक मारताना, घरी ताटावर बसल्यावर. बायकोने दोनदा विचारले, काय झालंय. काही नाही म्हणालो. त्या तीन महिन्यांत कामानिमित्त लोणी देवकरच्या फाट्यावरून चार वेळा गेलो. एकदाही आत वळलो नाही.

तीन महिन्यांनी कोकरेसाहेबांचाच फोन आला. माझ्या अहवालाप्रमाणे दुसऱ्या फिटरने रूळ उखडून नवे जोड घातले होते आणि गाडी तरीही अडत होती.

हॉलमध्ये पोचलो तो गुरुवार होता. फिटरने काढलेले जुने तुकडे एका पत्र्याच्या डब्यात टाकलेले होते. मी डबा टेबलावर उपडा केला. रुळाचे चार तुकडे निघाले. चारांच्याही टोकांना प्लास्टिकचे जोड घट्ट बसलेले होते. नीट कापलेले, कडा घासलेल्या. फिटरने ते काढताना पाहिलेच असणार. त्याला सांगितले होते नवे घाला, त्याने नवे घातले.

गाडी सुरू केली. चाळीस फेऱ्या झाल्या, एकदाही अडली नाही. मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. हॉलची झाडलोट करणारे बबनआबा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते.

"बसा की वो जरा," ते म्हणाले. "गाडी फिरायची ती फिरतीया, तुमी कशापायी फिरताय?"

हॉलमध्ये तक्रारवही होती. गाडी कधी अडली त्याच्या नोंदी त्यात होत्या. मी तारखांसमोर वार लिहीत गेलो. सोमवार. सोमवार. मंगळवार. सोमवार. एक बुधवार. पुन्हा सोमवार. तीन महिन्यांत गुरुवार किंवा शुक्रवार एकदाही नव्हता. रविवारी कारखाना बंद असतो. आधी वाटले, सुट्टीनंतर विजेचा दाब बदलत असेल. पण मग मंगळवारी का अडावी आणि गुरुवारी का नाही? तार कधी वार बघत नाही. वार माणूस बघतो.

कोकरेसाहेबांना सांगितले, सोमवारी येतो आणि झालर काढणार. मधले तीन दिवस दुसरे काम हातात धरले नाही. धरले असते तर तेही बिघडवले असते.

सोमवारी सकाळी गाडी पहिल्याच फेरीला वळशावर अडली. मी पिना उपसल्या, झालर बाजूला केली आणि बॅटरी घेऊन फळीखाली उताणा शिरलो. वळशाच्या बरोबर खाली तारा जोडायची पट्टी होती. चार स्क्रू. दोन मुख्य रुळाचे, दोन वळशाचे. तारा रंगानुसार, सरळ, एकसारख्या बांधलेल्या. इतके नीट काम मी स्वतःही करत नाही. आणि त्या पट्टीतल्या दोन स्क्रूंना पातळ लोखंडी तार गुंडाळून तिच्यावर एक लिंबू आणि सात मिरच्या टांगलेल्या होत्या. त्यातला एक स्क्रू मुख्य रुळाचा, दुसरा वळशाचा, म्हणूनच पहिल्या दिवशी मीटर वाजला होता. लिंबू ताजे होते.

वरची गाडी वळशात शिरली की फळी किंचित हादरत असे. जड लिंबू हलले की तार मधल्या स्क्रूला टेकत असे, आणि शॉर्ट होत असे. बुधवार-गुरुवारपर्यंत लिंबू वाळून हलके व्हायचे, तार वर उचलली जायची आणि दोष नाहीसा व्हायचा.

मी तसाच पडून हाक मारली. "आबा, हे कुणी बांधलं?"

बबनआबा गुडघ्यावर बसून आत डोकावले. "मीच. दर शनिवारी पिना काढून बदलतो की. का?"

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं. पोरीनं एवढं झ्याक केलं, येणारा-जाणारा बघत बसतुया. नजर लागायची म्हणून बांधलं. आन् तिला तिकडं पॅकिंगला टाकल्यापासनं तर एक शनिवार चुकवला न्हाय."

"का?"

"ती परत यावी म्हणून."

"स्क्रूला का गुंडाळलं?"

"खिळा ठोकला आस्ता तर फळी हादरून वरचं सगळं निखळलं आस्तं. तितं दोन स्क्रू आयतं दिसलं."

मी बाहेर आलो. त्यांना समजावून सांगितले. आबा वाद घालणारे नाहीत. त्यांनी स्टूल ओढले, पण बसले नाहीत. "म्हंजी तिला परत आणायला म्हणून मी बांधत गेलो," ते हळू म्हणाले, "आन् त्यापायीच तिच्यावरचा आळ पक्का होत गेला. व्हय ना?"

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? बांधले त्यांनी होते, पण पहिल्या दिवशी झालर काढायची राहिली होती ती माझ्याकडून. तेही त्यांना सांगितले.

कोकरेसाहेबांना बोलावले. वैशालीलाही बोलवा म्हणालो. ती पॅकिंगची टोपी घालूनच आली आणि दाराशी उभी राहिली. मी तीन वेळा करून दाखवले. लिंबू असताना गाडी सोडली, अडली. लिंबू काढून सोडली, सहा फेऱ्या चालली. पुन्हा बांधले, पुन्हा अडली. मग डब्यातले चार जुने तुकडे साहेबांच्या हातात दिले.

साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिले. मग आबांकडे वळले. "आबा, हे तुमचे उद्योग?"

"व्हय. माझं नाव लिवा," आबा म्हणाले. "पोरीचं खोडायचं तर तितं कुणाचं तरी लागंलच की."

"साहेब," मी म्हणालो, "तुमच्या केबिनच्या दारावरही लिंबू-मिरची आहे. तारेतच ओवलेली."

वैशाली पुढे आली, फळीखाली वाकून तिने लिंबू सोडवले आणि आबांच्या हातात दिले.

"बांधा की आबा. पण सुतात ओवा. आन् लाकडाला बांधा, मी हूक बसवून देते."

आबांनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरले होते, हे तिने पाहिले आणि लगेच दुसरीकडे बघितले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "उद्यापासून इकडं ये. मुदत नव्यानं सुरू करू. सहा महिने."

"नव्यानं का, साहेब?"

"पद्धत आहे."

"काम चुकलं असतं तर नव्यानं. काम चुकलं न्हाय. जिथं थांबवली तिथनं मोजा."

साहेब म्हणाले, वर विचारतो. पुढे तसेच झाले. मुदत थांबली होती तिथून मोजली गेली आणि ती कायम झाली. त्या हॉलची यंत्रणा आता तीच बघते. मला बोलावणे येत नाही, आणि यायचे कारणही नाही.

त्या दिवशी मात्र अजून कागद व्हायचा होता. मी टेबलाशी बसलो आणि लिहिले: 'वळशाच्या तोंडाशी प्लास्टिकचे जोड पहिल्यापासून व्यवस्थित बसवलेले होते. जोडपट्टीवर बाहेरून आलेल्या तारेमुळे शॉर्ट होत होता. आधीच्या अहवालातील निष्कर्ष चुकीचा होता. जोड प्रत्यक्ष न पाहता तो लिहिला गेला.' आबांचे नाव घातले नाही. सही करणार तेवढ्यात वैशालीने हात पुढे केला. मी कागद दिला. तिने तो उभ्यानेच वाचला, शेवटपर्यंत, घाई न करता.

"काका, चूक लिहिताना माझं नाव होतं," ती म्हणाली. "बरोबर लिहिताना का न्हाय?"

मुद्दाम टाळले नव्हते, हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी कागद परत घेतला आणि पहिल्या ओळीनंतर लिहिले: 'हे काम वैशाली गावडे यांचे.' मग शेवटचे वाक्यही बदलले. 'तो लिहिला गेला' खोडून 'तो मी लिहिला' केले, खाली पूर्ण नाव घातले.

तिने पुन्हा वाचले. "ह्याच्या दोन प्रती करा. एक फायलीला. एक मला."

"झेरॉक्स काढून देतो."

"झेरॉक्स नको. सहीचा द्या."

"तुला कशाला लागतोय?" कोकरेसाहेबांनी विचारले.

"बदलीच्या पत्राला पहिला कागद जोडला होता, साहेब. तो घरी सगळ्यांनी वाचलाय. आईनं शेजारच्या पोराकडनं दोनदा वाचून घेतला."

गाडी कोणी थांबवलीच नव्हती. ती वळशातून उलटून परत आली आणि आमच्या समोरून गेली. मी दुसरा कोरा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून, हाताने, सगळे पुन्हा लिहायला सुरुवात केली. ती शेजारी उभी राहून प्रत्येक शब्द बघत होती.